राजाच्या चालीला पेटी

जुन्या सिनेमासारखं संगीत हवं म्हणून शोधायला बसलं की आधी हाती लागतो तो खडखडणारा पियानो. धडपडणाऱ्या, पोलिसाला हुलकावणी देऊन पळणाऱ्या माणसामागे वाजतो तो. वळण बहुतेक रॅगटाइमचं. स्कॉट जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ ची, ‘द एंटरटेनर’ १९०२ ची, तेव्हा काळाच्या हिशेबाने आमच्या फिल्मला तो चालायला हरकत नव्हती. आमची फिल्म म्हणजे पौराणिक मूकपटाचं विडंबन. काळीपांढरी, संवादांच्या जागी पाट्या. एक सत्यवचनी राजा स्वप्नात दिलेला शब्द पाळायला राज्य सोडून निघतो आणि नाशिक रोड स्टेशनबाहेर येऊन उभा राहतो. डोक्यावर मुकुट, खांद्यावर शेला, समोर रिक्षांची रांग. त्याच्यामागे पियानो लावून पाहिला आणि आमचा राजा परमुलखातला दिसू लागला.

अमेरिकेत मूकपटाच्या संगीताची छापील सोय होती. जे. एस. झामेच्निक यांच्या ‘सॅम फॉक्स मूव्हिंग पिक्चर म्युझिक’चा पहिला खंड १९१३ मध्ये निघाला. त्यात घाईगर्दीचं संगीत, चोराचं संगीत, वादळाचं संगीत असे तुकडे प्रसंगवार लावून दिलेले. थिएटरातल्या पियानोवाल्याने पडद्याकडे बघावं आणि हवं ते पान उघडावं. त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आपल्याकडे पडद्यापाशी पेटी-तबला घेऊन बसलेली माणसं समोर दिसेल तसं वाजवत. खेळ संपला की तो सूरही तिथेच संपे. मूकपटापुढची ती पेटी आज ऐकायची तर कुणाला तरी नव्याने वाजवायला बसवावं लागतं.

आणि ती इथेच वाजवायला बसवावी, असं मला मनापासून वाटत होतं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपलं काम नाशिकला आणलं, १९१८ ची हिंदुस्थान फिल्म कंपनी इथली, आणि १९४४ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही नाशिकलाच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथून हाकेच्या अंतरावर राहून, फाळक्यांच्या घराण्यातल्या राजाची नक्कल करून, त्याला उसना पियानो लावणं मला पटेना.

मग त्या काळच्या पेटीवाल्याच्या बोटांत काय असेल? संगीत नाटक, कीर्तन, भजन. मला वाट दाखवली ती गोविंदराव टेंब्यांनी. टेंबे मुळात पेटीवाले. ‘मानापमान’ला १९११ मध्ये चाली त्यांच्या, आणि प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला तेव्हा हरिश्चंद्राची भूमिका त्यांनीच केली, संगीतही त्यांनीच दिलं. रंगभूमीची पेटी पडद्यावरच्या राजापर्यंत कशी पोचली, ते या एका माणसात दिसतं.

‘मानापमान’मधलीच एखादी चाल उचलावी असा मोह झाला. कायद्याची अडचणही नव्हती. आपल्याकडे रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि टेंबे १९५५ मध्ये गेले. ध्वनिमुद्रणाचा हिशेब निराळा, तो तबकडी प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांचा. हौशी मंडळी इथे हमखास गोंधळतात. तबकडी मोकळी झाली म्हणजे तिच्यातली चालही मोकळी झाली असं नाही, दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं. पण मोह आवरला तो वेगळ्या कारणाने. ओळखीची चाल सुरू झाली की मराठी प्रेक्षकाच्या मनात शब्द सुरू होतात. तो गाणं ऐकू लागतो आणि राजा एकटा पडतो. पार्श्वसंगीताला वळण ओळखीचं हवं, चाल अनोळखी हवी.

देवळाली गावातल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवणारे बुवा भेटले. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक मास्तर चातुर्मासात मोकळे होते, तेही आले. मुक्तिधामजवळ एका मित्राच्या घरी खिडक्या लावून बसलो. एकच माइक ठेवला. १९२५ च्या आधी विजेविना ध्वनिमुद्रण होत असे, तेव्हा सगळे वादक एका कर्ण्याभोवती बसत आणि कुणी किती लांब बसायचं यावरच आवाजांचा तोल ठरे. आम्हीही तसंच केलं. मास्तर दाराशी, बुवा जवळ, तबला मधे. नंतर संगणकावर पट्ट्या वरखाली करून हा एकजिनसीपणा येत नाही, माझा तरी तसा अनुभव आहे. बुवांच्या पेटीचे दोन सूर किंचित उतरलेले होते. ते लावून घ्यायचे का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. तेवढ्या उतरलेपणात तिचं वय ऐकू येत होतं.

खरखरीचं मात्र मी खूप ऐकून, विचार करून ठरवलं. जुनं वाटावं म्हणून जो तो वरून तबकडीची खरखर पसरतो. पण मूकपटापुढची पेटी थिएटरात प्रत्यक्ष वाजत होती, समोर बसलेल्याला ती स्वच्छच ऐकू येई. खरखर ही झिजलेल्या तबकडीची. शिवाय तयार खरखरीचा तुकडा ठरावीक सेकंदांनी फिरून तोच येतो आणि कान तो पकडतो. म्हणून राजाच्या प्रवासाला आम्ही पेटी आहे तशी ठेवली. फक्त एका प्रसंगात पडद्यावरच ग्रामोफोन दिसतो, तिथे आवाज साधारण २५० ते २,५०० हर्ट्झच्या पट्ट्यात कापला. कर्ण्याच्या जमान्यातलं ध्वनिमुद्रण जेमतेम तेवढंच टिपत असे. खर्ज गेला, वरची धार गेली, आणि खरखरीशिवाय तो आवाज जुना झाला.

लयीचा प्रश्न त्याहून नाजूक. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं घेत. पुढे बोलपटाबरोबर २४ चा वेग पक्का झाला आणि त्या वेगाने दाखवलेले मूकपट लगबगीचे दिसू लागले. आम्ही ती लगबग मुद्दाम आणली होती. तिला द्रुत लय जोडली की पडद्यावर नुसती धांदल उरते. राजाची पावलं भरभर पडतात, पण मन संथ आहे, त्याला दिलेला शब्द पाळायचा आहे. म्हणून भूपाच्या अंगाने जाणारी मध्यलय, खाली केरवा. पाय एका गतीने आणि सूर दुसऱ्या गतीने चालले तेव्हा राजाला भारदस्तपणा आला.

बुवांनी चित्र पाहिलं आणि विचारलं, “राजा रिक्षाला हात करतो तिथे काय वाजवू?”

“रथ बोलावतोय असं समजून वाजवा, बुवा.”

“येतो का रथ?”

“नाही येत.”

“मग जोगिया घेतो थोडा.”

त्यांनी तो अगदी आर्त वाजवला, आणि घरच्या घरी फिल्म दाखवली तेव्हा सगळ्यात मोठा हशा नेमका तिथे आला. विडंबनातलं संगीत प्रामाणिक असावं, हे माझं ठाम मत आहे. वाजवणाऱ्याने प्रेक्षकाला डोळा मारला की विनोद तिथेच मिटतो. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात, आणि हसू येतं ते सायकलीवर ते पूर्ण डाकूच असतात म्हणून. मूळ कलाकृतीवर जीव असल्याशिवाय असं वाजवता येत नाही आणि खेळताही येत नाही.

एका जागी पेटी थांबवली. राणी राजाला विचारते, शब्द दिला तेव्हा मला विचारलं होतं का? १९३७ च्या ‘कुंकू’त प्रभातने पार्श्वसंगीत टाळून भोवतालच्या आवाजांवर भिस्त ठेवली होती, त्याची आठवण होती. तिथे लांबून जाणाऱ्या गाडीची धडधड एवढीच ठेवली. नाशिक रोडला ती वेगळी मिळवावी लागत नाही.

वाजवलेले तुकडे पट्टी आणि लय लिहून ठेवले आहेत: राजा निघतो, रथ येत नाही, ऋषी रागावतात, राणी वाट बघते. बुवा आणि मास्तर दोघांनीही ते इतर हौशी मंडळींना खुशाल द्यायला सांगितलं आहे. वादळाचा तुकडा अजून व्हायचा आहे. त्याला क्लॅरिनेटच लागेल, आणि तुळशीची लग्नं लागली की मास्तर पुन्हा वरातीत अडकतील, तेव्हा त्याआधीच त्यांना गाठायला हवं.