अमेरिकेचं दार कुठं उघडतं?

दोस्तांनो, तुमच्या ओळखीची एखादी ताई शिकायला अमेरिकेला निघालीय ना? व्हिसा मिळाला त्या दिवशी घरात पेढे वाटले असतील. पण व्हिसा मिळाला म्हणजे अमेरिकेत शिरायला मिळालंच, असं नव्हे बरं का! व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. दार उघडायचं की नाही, ते ठरवतो विमानतळावरचा अधिकारी. (1883 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला आगबोटीनं गेल्या, तेव्हा व्हिसा लागतच नव्हता!)

चला तर, ताईबरोबर न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरू. डोळे तारवटलेत, पाय आखडलेत, आणि समोर ही लांबच लांब रांग! ताईच्या हातात पासपोर्ट आणि 'आय-ट्वेंटी' नावाचा कागद. तो तिच्या कॉलेजनं दिलेला. त्यावर अभ्यासक्रम, तो सुरू होण्याची तारीख, वर्षाचा खर्च असं सारं लिहिलेलं. नव्या विद्यार्थ्याला त्या तारखेच्या 30 दिवसांहून आधी आत घेत नाहीत. हे कागद मोठ्या बॅगेत मुळीच टाकायचे नाहीत. ती बॅग मिळते खिडकीच्या पलीकडे!

अधिकारी बोटांचे ठसे घेतो, फोटो काढतो आणि विचारतो, कुठलं कॉलेज? काय शिकणार? खर्च कोण करणार? ताईची छाती धडधडते. धडधडणारच! घरच्यांनी कर्ज काढलंय, आणि क्वचित कुणाला इथूनही परत पाठवतात. शंका आली तर वेगळ्या खोलीत बसवून आणखी चौकशी होते. पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हणण्यात काही अर्थ नाही. विचारलं तेवढंच, पण खरंखरं सांगावं.

पुढं सामानाची तपासणी. तिथं कधी कधी लांब कानांचं बीगल जातीचं कुत्रं बॅगा हुंगत फिरतं. आजीनं मायेनं दिलेला हापूस त्याला लगेच कळतो! फळांतून कीड येऊ नये म्हणून ही काळजी. खायचं जे काही आणलंय ते आधीच सांगावं. लपवलं तर दंड.

यानंतर कॉलेजात जाऊन हजर व्हायचं. ती नोंद कॉलेज संगणकावरून सरकारला कळवतं.

अरे हो, एक गंमत राहिलीच! अबू धाबीच्या विमानतळावर 2014 पासून अमेरिकेचेच अधिकारी बसतात. तिथून थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची ही सगळी तपासणी विमानात चढण्याआधीच होते. मग न्यूयॉर्कला उतरल्यावर ताई बॅग उचलून सरळ बाहेर पडते, जणू नागपूरहून पुण्यालाच आलीय!