बुधवारची कढई

बुधवारी दिवेलागणीला धारूरच्या खाटकांच्या दुकानांपुढे जी माणसं उभी असतात, ती घाईत असतात. रविवारी तसं नसतं. रविवारी माणूस मांडीचं द्या की खांद्याचं, नळ्या किती, चरबी किती, यावर निवांत बोलतो. सोमवार महादेवाचा, मंगळवार तुळजाभवानीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देवांचे वार वजा करून जे उरतात त्यांतला बुधवार हा कामाचा दिवस. दुसऱ्या दिवशी शाळा, कचेरी, दुकान, शेत सगळं वाट पाहत असतं. म्हणून बुधवारी मटण नाही, खिमा. अर्धा किलो, बारीक केलेला. आमच्या घरी हा खिमा आता पास्त्यात जातो, वर चीज पसरलं जातं, आणि कढई झाकून भाजायला ठेवली जाते.

बालाघाटाच्या माथ्यावरच्या या किल्ल्याच्या गावात असला पदार्थ म्हणजे मुलांची हौस, असं समजून लोक पुढे जातात. मुलांना तो आवडतो हे खरंच आहे. मला मात्र त्यात हौसेहून मोठी गोष्ट दिसते, आणि ती सांगायची तर भाकरीपासून सुरुवात करावी लागते.

आमच्याकडचं रात्रीचं जेवण भाकरीवर उभं आहे. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की लगेच ताटात गेली पाहिजे. तिचा पापुद्रा गरम आहे तोवरच तिची चव. त्यामुळे घरात एक जण काठवटीशी बसते आणि बाकीचे जेवतात. एक थापायची, एक तव्यावर, एक निखाऱ्याशी टेकवलेली. गॅस आला, ओटा आला, बसणारी आता उभी राहते, एवढाच फरक पडला. सगळ्यांची पोटं भरल्यावर तिची भाकरी होते. तोवर कालवण तळाला गेलेलं असतं, मटण असेल तर तुकडे संपून रस्सा आणि बटाट्याची एखादी फोड उरलेली असते. आई आणि आजी सगळ्यांच्या बरोबरीनं जेवायला बसल्यात, असं चित्र मी लहानपणी फार कमी पाहिलं. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. ‘बस की गं’ असं सगळेच म्हणायचे, आणि म्हणता म्हणता पुढच्या भाकरीसाठी ताट पुढे करायचे.

अपवाद होता तो शेंगोळ्यांच्या रात्रीचा.

हुलग्याचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं आणि थोडं डाळीचं, लसूण, जिरं, मिरची, मीठ. घट्ट मळायचं, तेलाच्या हातानं पाटावर वळायचं, बोटाएवढ्या जाडीची वळी करून तिची टोकं जुळवायची. हुलग्याच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा नाही, म्हणून गव्हाचा आधार लागतो. तिकडे पातेल्यात लसणाची खमंग फोडणी देऊन पाणी खळखळत ठेवायचं आणि त्यात एक एक शेंगोळं सोडायचं. उरलेलं पीठ पाण्यात कालवून ओतलं की रस्सा आळतो. भाकरीची गरज नाही, भाताची नाही, कोरड्यास वेगळं नाही. पातेलं उतरलं की सगळं झालेलं असतं. त्या रात्री आजी पदरानं हात पुसायची आणि म्हणायची, ‘चला रे, समदेच बसा आता.’ त्या ‘समदेच’मध्ये ती स्वतः असायची. शेंगोळ्यांवर माझा जीव आहे तो त्यांच्या चवीमुळे आहेच, पण आजीच्या मांडीला मांडी लावून जेवल्याच्या आठवणीमुळे अधिक आहे.

पास्ता मला परका वाटला नाही तो या ओळखीमुळे. पीठ मळून त्याला आकार द्यायचा, ते रसात शिजवायचं आणि त्या एका भांड्यावर घर जेवू घालायचं, हा मार्ग आमच्या पायाखालचा आहे. गहूसुद्धा ओळखीचा निघाला. पास्ता होतो तो डुरम गव्हाच्या रव्याचा. कडक, काचेसारखा, पिवळसर दाणा. दळला तर पीठ कमी आणि रवा जास्त पडतो, शिजताना विरघळून चिखल होत नाही. मराठवाड्यात कोरडवाहू जमिनीवर पिकणारा बन्सी गहू हा डुरमच. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मिळून पाटावरच्या शेवया करायच्या, तेव्हा त्या हाच गहू शोधायच्या. ओलवलेला, सुकवलेला, दळून चाळलेला. हातातून सुटणारी शेवई न तुटता लांबत जायची ती या गव्हामुळे. पाण्याच्या सोयीबरोबर लोकवन पसरला, पोळी मऊ झाली, आणि बन्सी बांधाकडे सरकत गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कोरडवाहू शेतीसाठी एमएसीएस 4028 नावाचा जो गहू काढला, तोही डुरम आहे आणि त्यात 14.7 टक्के प्रथिनं आहेत. कमी पाण्यावर येणाऱ्या गव्हाची आपल्याकडे केवढी गरज आहे हे धारूरला वेगळं सांगायला नको.

पाण्याचा विषय निघालाच आहे. पास्ता करण्याची सगळीकडे छापलेली रीत अशी की 100 ग्रॅमला एक लिटर पाणी उकळायचं, शिजला की पाणी ओतून द्यायचं. म्हणजे सहा माणसांच्या 400 ग्रॅम पास्त्यासाठी जवळजवळ चार लिटर पाणी मोरीत. ज्या गावानं टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले, त्या गावच्या बाईच्या हातून हे होत नाही, आणि होऊ नये. म्हणून मी पास्ता शेंगोळ्यांच्या वाटेनं नेते. खिम्याचा रस्साच पातळ ठेवायचा आणि कोरडा पास्ता त्यातच सोडायचा. 400 ग्रॅमला एक लिटरभर पाणी पुरतं. पास्त्याचा स्टार्च कुठेही न जाता रश्श्यातच उतरतो, त्याला दाटपणा येतो, आणि खिम्याची चव पिठाच्या आतपर्यंत जाते. पाणी वाचतं आणि चवही वाढते.

खिम्याला मात्र वेळ द्यावा लागतो. जर्मनच्या पातळ पातेल्यात तो लागतो. बिडाची किंवा जाड लोखंडी कढई हवी. तेलात कांदा लाल झाला की आलं-लसूण, मग खिमा. खिमा टाकल्यावर त्याला पाणी सुटतं. ते पूर्ण आटेपर्यंत आणि पुन्हा कडेनं तेल दिसेपर्यंत हलवत राहायचं. बहुतेक जण इथेच घाई करतात, आणि मग खिमा उकडलेला लागतो, भाजलेला लागत नाही. पुढे पिकलेले पाच-सहा टोमॅटो, तिखट, मीठ आणि चमचाभर काळा मसाला. काळ्या मसाल्यातलं दगडफूल आणि खोबरं टोमॅटोच्या आंबटपणाला जे वजन देतं, ते बाटलीतल्या सुक्या परदेशी पानांना देता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. शेवटी अर्धी वाटी दूध. मांसात दूध म्हटलं की आमच्याकडे भुवया उंचावतात. पण इटलीतल्या बोलोन्या शहरात 1982 साली तिथल्या पाककला अकादमीनं खिम्याच्या पारंपरिक रश्श्याची रीत व्यापार मंडळाच्या दप्तरात नोंदवली, तिच्यातही दूध आहे. त्यानं आंबटपणा मवाळ होतो आणि खिमा मऊ राहतो. तिथे तो रस्सा दोन-अडीच तास मंद आचेवर राहतो. बोकडाचा खिमा आमच्या आचेवर अर्ध्या-पाऊण तासात मुरतो, आणि बुधवारला तेवढंच परवडतं.

खिम्याची मला आवडणारी आणखी एक गोष्ट आहे. मटणाच्या रश्श्यात तुकड्यांना मान असतो. नळी कुणाला, काळीज कुणाला, चांगला तुकडा आधी कुणाच्या ताटात, हे घरात न बोलता ठरलेलं असतं. पाहुणा, जावई, कर्ता पुरुष, मग मुलगे. खिम्यात नळी नाही. प्रत्येक डावेत सारखंच मांस येतं, लहान नातीच्या ताटात आणि आजोबांच्या ताटात. इजिप्तमध्ये घरोघरी मकरोना बेशामेल नावाचा असाच थरांचा पदार्थ करतात: नळीचा पास्ता, मध्ये खिमा, वर दुधा-मैद्याचा पांढरा रस. थोडं मांस पुष्कळ माणसांत नीट वाटायची गरज नाईलकाठच्या घरांनाही पडलेली असणार.

आता चीज. आपल्या भागात दूध टिकवायची रीत वेगळी होती. नासणारं दूध वाचवायला तिकडच्या लोकांनी ते विरजून, मिठात मुरवून चीज केलं. बालाघाटावर आपण ते भट्टीवर आटवून खवा केला. कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकन आहे. पास्त्यावरच्या पांढऱ्या रसात, म्हणजे लोण्यात भाजलेल्या मैद्यात दूध घालून जो घोटतात त्यात, लिंबाएवढा ताजा बिनसाखरी खवा मी विरघळवते. दूध दाट होतं, मागे भाजकट गोडी राहते आणि मैदा निम्मा लागतो. चीजचं काम वरच्या थराचं. दुकानात मिळणारं प्रक्रिया केलेलं चीज वितळून सायीसारखं पसरतं, पण त्याची तार निघत नाही. त्यात घातलेल्या क्षारांनी प्रथिनांची लांब वीण सुटलेली असते. तार हवी असेल तर मोझरेला. मी दोन्ही निम्मं निम्मं किसते, कारण एकात खारट चव आहे आणि दुसऱ्यात मुलांचा आनंद.

ओव्हन नाही म्हणून हा पदार्थ सोडून देऊ नये. असेल तर 200 अंशांवर वीस मिनिटं, एवढं सांगून तो विषय संपतो. नसेल तर आपल्याकडचं जुनं शहाणपण कामाला येतं. शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणाऱ्या माणसांना वरून-खालून धग कशी द्यायची हे शिकवावं लागत नाही. चुलीवर करणारी घरं झाकणावर निखारे ठेवायची. गॅसवर करताना मी कढईखाली तवा ठेवते, म्हणजे तळ करपत नाही, आणि दुसरा जाड तवा लालबुंद तापवून सपाट झाकणावर ठेवते. गार झाला की पुन्हा तापवून. कडेचं चीज तांबूस होऊन भांड्याला धरतं. त्या कडेसाठी आमच्याकडे भांडणं होतात, म्हणून ती शेवटी सगळ्यांत मोडून वाटली जाते.

कढई बंद झाल्यावर खरी गोष्ट घडते. काहीच करायचं नसतं. थापायचं नाही, लाटायचं नाही, तव्याकडे पाठ फिरवता येते. ओटा पुसून होतो, कांदा-काकडी चिरून होते, आणि घरात जो जिथे असेल तो वासावर आत येतो. करणारी आणि खाणारे एकाच वेळी बसतात.

दसऱ्याच्या आसपासच्या बुधवारी यावर सीताफळाशिवाय आणखी काही गोड लागत नाही. डोंगरउतारांवरची सीताफळं तेव्हा पिकलेली असतात. बीडच्या सीताफळाला मानांकन मिळालं ते 2016 साली, पण धारूरच्या पोरांना ते आधीपासूनच ठाऊक होतं. सीताफळं सरत आली की तालुक्यातली घरं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीला जाणारी जोडपी कोयते, भांडी आणि कधी लहान लेकरं घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात ती उन्हाळा लागेपर्यंत. मागं राहतात आजी-आजोबा आणि शाळेतली मुलं. फडावर बाई पहाटे अंधारात भाकरी थापते, दिवसभर मोळ्या वाहते आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसते. सगळ्यांनी मिळून एका वेळी जेवणं ही या तालुक्यात सहज मिळणारी गोष्ट नाही. ज्या घरात माणसं आहेत, खिमा आणायची ऐपत आहे आणि वर गॅसही आहे, त्या घरातल्या बाईनं तरी अजून शेवटी का जेवावं, याचं उत्तर मला सापडत नाही.

भाकरी सोडा असं मी म्हणत नाही. भाकरीशिवाय आमचं पोट भरत नाही आणि रविवारच्या रश्श्याला तिच्याशिवाय जोड नाही. पण आठवड्यातली एक रात्र अशी असू द्या. शेंगोळे करा, वरणफळं करा, नाहीतर खिम्याचा पास्ता करा. एका भांड्यात होणारं काहीही चालेल. पास्ता केलात तर कढई उतरल्यावर दहा मिनिटं झाकण काढू नका, थर बसायला तेवढा वेळ लागतो. त्या दहा मिनिटांत ताटं घ्या, पाणी घ्या, आणि जिनं तो केलाय तिचं ताट सगळ्यांत आधी मांडा.