धनत्रयोदशीचं सोनं आणि घानामधले खड्डे

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

२०२५ च्या धनत्रयोदशीला सराफ बाजाराची बातमी करायला गेलो होतो. दरवर्षीची ठरलेली बातमी. भाव किती, गर्दी किती, दोन सराफांच्या प्रतिक्रिया, एक फोटो. दहा ग्रॅमचा भाव सव्वा लाखाच्या वर गेलेला, तरी लोक होतेच. पोरीच्या लग्नासाठी अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम करून साठवणारे.

तिथं उभा असतानाच फोन आला. आमच्या गल्लीतला पोरगा. आयटीआय डिझेल मेकॅनिक. इथं दोन वर्षं काम शोधलं, मग एका कंपनीत कंत्राटावर लागला, सहा महिन्यांत घरी. शेवटी ओळखीतून घानाला गेला. पश्चिम आफ्रिकेतला देश. तिथल्या कुमासी शहरात पंप आणि डिझेल इंजिनांच्या दुकानात काम करतो. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला होता. मी म्हटलं, "सोन्याचा भाव बघतोयस का रे?" हसला. म्हणाला, "काका, भाव वाढला की आमच्या दुकानात पण गर्दी होते. पण दागिन्यांसाठी नाही, पंपांसाठी."

तेवढ्या एका वाक्यावरून आम्ही त्या रात्री परत तासभर बोललो. नंतर चार-पाच दिवस मी मिळेल ते वाचत होतो. जे समजलं ते लिहितोय.

इंग्रज घानाला गोल्ड कोस्ट म्हणायचे, यावरून तिथं किती सोनं आहे ते कळावं. आज आफ्रिकेत सर्वांत जास्त सोनं काढणाऱ्या देशांत घाना आहे. मोठ्या विदेशी कंपन्यांच्या खाणी आहेतच, पण त्याशिवाय नदीकाठी, शेतात, जंगलात हजारो खड्ड्यांत लोक स्वतः सोनं काढतात. विनापरवाना खाणकामाला तिथं ‘गॅलमसे’ म्हणतात. ‘गोळा करा आणि विका’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा हा अपभ्रंश.

काम कसं चालतं ते आमच्या पोराने व्हिडिओ पाठवून दाखवलं. पोकलेनने वरची माती काढायची. खालचा वाळू-खड्यांचा थर लागला की तो उपसायचा. पंपाने पाणी मारून तो गाळ उतरत्या पन्हळीवरून सोडायचा. पन्हळीत जाड गालिच्यासारखं कापड अंथरलेलं. सोनं जड, ते कापडात अडकतं, माती वाहून जाते. मग ते कापड टबात झटकायचं आणि त्यात पारा घालायचा. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. तो गोळा फडक्यात पिळायचा आणि भाजायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं उरतं. ही वाफ भाजणाऱ्याच्या छातीत जाते. उरलेला पारा नदीत, नदीतून माशांत, माशांतून ताटात. जगात माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा अशा छोट्या सोनखाणींचा आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो.

आता मुद्द्याचं. या खड्ड्यात उतरतं कोण? बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं.

आमच्या पोराच्या दुकानात एक हेल्पर होता. एकवीस वर्षांचा, शाळा पूर्ण केलेला, बाप कोकोचा शेतकरी. कोको म्हणजे ज्यापासून चॉकलेट होतं ते. कोकोच्या उत्पादनात घाना जगात वर्षानुवर्षं दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला देश. हा पोरगा एक दिवस कामावर आलाच नाही. महिन्याभराने पंपाचा पार्ट घ्यायला गिऱ्हाईक म्हणून आला. चिखलाने माखलेला, पण खिशात पैसे. दुकानात जे महिन्याला मिळायचं, ते तिथं एखाद्या चांगल्या आठवड्यात मिळतं म्हणाला. वाईट आठवड्यात काहीच नाही. पण संध्याकाळी सोनं निघालं की खरेदीदार जागेवर रोख देतो. उधारी नाही.

आणि बापाची शेती? कोकोचं झाड लावल्यावर फळ धरायला तीन ते पाच वर्षं. त्यात रोग, त्यात पाऊस. भाव सरकारी कोको बोर्ड ठरवतं. २०२४ मध्ये जगाच्या बाजारात कोकोने इतिहासातला विक्रमी भाव गाठला, टनाला दहा हजार डॉलरच्या वर. पण घानाचा बराच माल जुन्या, कमी भावाने आधीच विकून ठेवलेला होता. तेजी आली आणि शेतकऱ्याच्या बांधाबाहेरून निघून गेली. कांद्याच्या आणि कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याआधी २०२२ मध्ये घानाचं सरकार कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर करून बसलं. त्या डिसेंबरात महागाई ५० टक्क्यांच्या वर होती. सरकारी भरती नाही, गावात कारखाना नाही. अशा वेळी कुणी बागेचे एकरकमी पैसे देतो म्हटलं की बाप बाग देतो. पोकलेन येतं, झाडं पडतात. पैसे दोन वर्षांत संपतात. उरतो पाण्याने भरलेला खड्डा आणि त्याच खड्ड्याच्या शेजारी रोजावर काम करणारा त्याच बापाचा मुलगा.

नुकसान खोटं नाही, हे स्पष्ट लिहितो. प्रा, ओफिन, अंकोब्रा, बिरिम या नद्या चहासारख्या दिसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केप कोस्ट शहराला पाणी देणाऱ्या केंद्राने सांगितलं की नदीच्या पाण्याचा गढूळपणा सरासरी १४,००० एककांवर गेलाय, आणि यंत्रणा बांधलीय २,००० एककांसाठी. पाणीपुरवठा विस्कळीत झाला. खड्ड्यांची कड ढासळून माणसं गाडली जातात. उघड्या खड्ड्यांत लहान मुलं बुडतात. खाली राहणाऱ्या गावांनी संताप का करू नये? करावाच.

प्रश्न आहे सरकारने काय केलं.

२०१३ मध्ये मोहीम काढून साडेचार हजारांवर चिनी नागरिक परत पाठवले. पोकलेन आणि मोठी यंत्रं घेऊन आलेले बरेच लोक हेच होते. माणसं गेली, यंत्रं आणि पद्धत राहिली. २०१७ मध्ये सगळ्याच छोट्या खाणकामावर बंदी आली, परवाना असलेल्यांवरसुद्धा. सैन्य आणि पोलीस मैदानात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अकुफो-अडो म्हणाले होते, या लढ्यासाठी मी माझं पद पणाला लावतोय. सैनिकांनी पंप जाळले, पोकलेन जप्त केले. आणि २०२० च्या सुरुवातीला खुद्द मंत्र्यांनीच सांगितलं की जप्त केलेल्यांपैकी शेकडो पोकलेन गायब आहेत. हे वाचताना मला आपल्याकडच्या एका कचेरीच्या आवारातून रात्रीतून गेलेला वाळूचा ट्रॅक्टर आठवला. असो.

जानेवारी २०२५. ओबुआसी. इथली सोन्याची खाण १८९७ पासूनची. २०१४ मध्ये कंपनीने काम जवळजवळ थांबवलं, हजारो कामगार कमी केले. काही वर्षांनी खाण नव्या यंत्रांसह परत सुरू झाली, पण बाहेर गेलेले सगळे आत आले नाहीत. त्या जानेवारीत एका रात्री खाणीच्या हद्दीत शिरलेल्या लोकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. नऊजण मेल्याचं सांगितलं गेलं. सैन्य म्हणतं ते सशस्त्र होते आणि त्यांनी आधी गोळीबार केला. छोट्या खाणकामगारांची संघटना म्हणते, त्यांच्याकडे शस्त्रं नव्हती.

त्याच वर्षी ६ ऑगस्टला संरक्षणमंत्री आणि पर्यावरणमंत्री छोट्या खाणकामाच्याच एका कार्यक्रमासाठी हेलिकॉप्टरने ओबुआसीला निघाले होते. हेलिकॉप्टर कोसळलं. आठही जण गेले. म्हणजे प्रश्न किती वरपर्यंत पोहोचलाय बघा, आणि तरी सुटत नाही.

मी पोराला विचारलं, परवाना घेऊन का करत नाहीत? कायदा तर आहे. १९८९ पासून छोट्या खाणकामाला मान्यता आहे. घानाचा नागरिक असलेल्या कुठल्याही सज्ञान माणसाला २५ एकरांपर्यंत परवाना मिळू शकतो. पोरगा म्हणाला, "काका, आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लावायला किती हेलपाटे घालता? तसंच." तिथं जमीन गावाची किंवा तिथल्या पारंपरिक मुख्याची, पण खालचं सोनं सरकारचं. परवान्याची फाईल राजधानीपर्यंत जाते. पर्यावरणाची परवानगी वेगळी, शुल्क वेगळं, महिनोन् महिने वाट. चांगल्या जमिनीचे मोठे पट्टे आधीच कंपन्यांच्या नावावर. ज्याच्याकडे फक्त फावडं आहे त्याने यात कुठून शिरायचं? पर्याय म्हणून २०२१ मध्ये सरकारने रोजगाराचा कार्यक्रमही काढला. रोपवाटिका, झाडं लावणं, प्रशिक्षण. पण सोन्याचा भाव चढत असताना रोपवाटिकेच्या मजुरीवर पोरं किती दिवस टिकणार?

आणि या साखळीत पैसा कोण कमावतो, तर पोकलेनचा मालक, जमीन देणारा, आणि खरेदीदार. पकडला जातो तो पन्हळीवर उभा असलेला. २०२५ मध्ये घानाने नवं गोल्ड बोर्ड काढलं आणि १ मेपासून परदेशी लोकांना स्थानिक सोने खरेदीतून बाहेर काढलं. छोट्या खाणीचं सोनं सरकारी दाराने जावं हा हेतू. मला हे पाऊल बरोबर वाटतं, कारण यात पहिल्यांदा हात खड्ड्यावर नाही, व्यापारावर पडलाय. पण सोनं कुठल्या खड्ड्यातून आलं, नदीतून की परवान्याच्या जागेतून, हे खरेदीच्या वेळी विचारलं नाही तर तेही वाहून जाईल.

स्विसएड या संस्थेने अभ्यास करून सांगितलं की एका २०२२ सालात आफ्रिकेतून किमान ४३५ टन सोनं नोंद न होता बाहेर गेलं, बहुतेक दुबईच्या दिशेने. दुबईतून सोनं भारतातही येतं, घानामधून थेटही येतं. वितळवल्यावर सोन्याला गाव राहत नाही. त्या संध्याकाळी आमच्या सराफ बाजारात विकलेल्या सोन्यात तिथला एखादा कण होता की नाही, सराफही सांगू शकणार नाही. पण भाव मात्र एकच आहे. इथं मागणी वाढली की तिथं पंप विकला जातो, हे आमच्या पोराने दुकानात उभं राहून पाहिलंय.

तिथले पत्रकार या विषयावर जीव धोक्यात घालून काम करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये एरास्टस असारे डोंकर या पत्रकारावर आणि त्यांच्या टीमवर खाणीच्या भागात हल्ला झाला. त्यांच्याकडे बघून मला माझी लाज वाटली. वीस वर्षांत वाळूच्या शेकडो बातम्या मी लिहिल्या असतील. ‘अवैध उपसा, इतके ट्रॅक्टर जप्त, इतका दंड, चालक ताब्यात.’ चालकाचं वय लिहितो. बावीस, चोवीस, एकोणीस. तो डिप्लोमा करून ट्रॅक्टरवर का बसला, ट्रॅक्टर कुणाचा, वाळू कुणाच्या बांधकामावर उतरणार होती, हे एकदाही लिहिलं नाही. सोपी बातमी होती, चार वाजेपर्यंत पाठवता यायची.

परवा पोराचा परत फोन होता. तो जुना हेल्पर पुन्हा दुकानात आला होता. त्याच्या शेजारचा खड्डा ढासळला, दोघं गेले. आमच्या पोराने त्याला म्हटलं, सोड रे हे. तो म्हणाला, दुसरं काम दे, उद्यापासून सोडतो.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय म्हणणार काका. मालकाला विचारलं. जागा नाही म्हणाले. त्याला पार्ट दिला, बिल केलं."

नदी वाचलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण ‘दुसरं काम दे’ याला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याने नुसते पंप जाळून नदी वाचत नाही. घानामध्ये हे गेली बारा-तेरा वर्षं दिसतंय. आपल्या नदीवर काय दिसतंय ते कमेंटमध्ये लिहा. नावं लिहू नका, एवढीच विनंती. आणि पुढची वाळूची बातमी करताना मी चालकाला आधी दोन प्रश्न विचारणार आहे. नाही विचारले तर इथंच येऊन मला जाब विचारा.