उशाशी ठेवलेले घड्याळ

सकाळी तुम्हांला कोण उठवते? कुणाला अम्मी उठवते, कुणाला पहाटेची अजान, तर कुणाला नळाला पाणी आल्यावर गल्लीत होणारी गडबड. आता बहुतेक घरांत मोबाइल असतो आणि गजरही त्यातच लावलेला असतो. पण काही वर्षांपूर्वी गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र वेगळे असे, आणि त्या यंत्राला उशाशी बसवून सकाळी गाणे वाजवणारे घड्याळही वेगळे असे. तसे एक घड्याळ माझ्याकडे आहे. त्याने मला काय शिकवले, ते आज तुम्हांला सांगते.

आमचे घर मालेगावचे. मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे गाव. आम्ही त्यांना लूमच म्हणतो. आमच्या गल्लीत दिवसरात्र लूमची खटखट चाले. पाहुणे यायचे, ते रात्रभर कूस बदलत राहायचे. आम्हांला मात्र त्याच आवाजात गाढ झोप लागे. गंमत अशी, की मध्यरात्री वीज गेली आणि लूम थांबले, की आम्ही खडबडून जागे व्हायचो. तुम्ही म्हणाल, शांततेने कोणी जागे होते का? आमच्या गल्लीत होत असे!

घरात एक खोली आणि लहानसे स्वयंपाकघर. अब्बा दुसऱ्या पाळीवरून रात्री दोनच्या सुमारास येत. ते, अम्मी, दादी, माझे दोन लहान भाऊ आणि मी, सगळे एकाच खोलीत झोपायचो. मला अभ्यासासाठी पहाटे साडेचारला उठायचे असे. उठवायचे काम दादीचे. ती माझ्या पायाचा अंगठा हलकेच दाबायची आणि कानाशी येऊन एकदाच माझे नाव घ्यायची. मी उठे. हातभर अंतरावर झोपलेल्या अब्बांना पत्ताही लागत नसे.

२०१० साली मी दहावीत होते. त्या हिवाळ्यात दादीचे गुडघे फार दुखू लागले. पहाटे गार फरशीवर पाय ठेवणे तिला जमेना. त्याच सुमारास कुवेतला नोकरी करणारे माझे मामू सुट्टीवर आले. त्यांनी माझ्यासाठी एक चपटे, काळे घड्याळ आणले. समोर मोठे हिरवे आकडे आणि दोन्ही बाजूंना स्पीकर. वरच्या बाजूला एक अरुंद खाच होती. त्या खाचेत बसणारा छोटा आयपॉड नॅनोही मामूंनी स्वतःच्या वापरातला काढून दिला. तळहातावर मावेल एवढे ते यंत्र, पण त्यात शेकडो गाणी होती आणि आवाज मुद्रित करण्याची सोयही होती.

घड्याळ खोक्यातून बाहेर काढले तेव्हा ते अडीच तास मागे होते. आत सेल होते आणि मामूंनी वेळ कुवेतमध्येच लावली होती. कुवेतची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. दादी हसून म्हणाली, "अरे, हे तर अजून प्रवासातच आहे!" त्याच्या वायरीची पिनही तिकडची, तीन चौकोनी दांड्यांची. आपल्या बोर्डात ती बसेना. शेवटी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून जोडपिन आणली, तेव्हा कुठे घड्याळ मालेगावात नांदू लागले.

आता त्याची रचना थोडी समजून घ्या. अशा घड्याळात सहसा स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. विजेमुळे तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या वहीत लिहा आणि निम्मी करत जा. १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६. पंधराव्या वेळी उत्तर बरोबर १ येते. घड्याळातले मंडलही हेच करते आणि त्यातून एक सेकंद मोजते. वरच्या खाचेत ३० बारीक पिना होत्या. त्यांच्यामधून आयपॉडला वीज मिळे, त्याचा आवाज स्पीकरपर्यंत येई आणि घड्याळाचा हुकूम आयपॉडपर्यंत जाई. तो हुकूम एकच होता : 'सुरू हो.' कोणते गाणे वाजवायचे, हे घड्याळाला कळत नसे. रात्री आपण जे थांबवून ठेवू, तेच पहाटे सुरू होई. आयपॉड खाचेत नसेल तर घड्याळ नुसते टीं-टीं-टीं करी.

पहिल्या पहाटे मामूंनी कौतुकाने तो टीं-टींचा गजरच लावून दाखवला. मी उठले. अब्बा उठले, अम्मी उठली, भाऊ रडत उठले आणि भिंतीपलीकडच्या चाची "काय झाले?" असे विचारत दारात आल्या. दादी अंथरुणातूनच म्हणाली, "यंत्राला वेळ कळते. कोणाला उठवायचे, ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मामूंनी गाणे लावून ठेवले. ते आधी अगदी हळू सुरू होई आणि मग आवाज आपोआप वाढत जाई. पण लूमच्या खटखटीत ते हळू गाणे कुठल्या कुठे विरून गेले. ते मला ऐकू आले तोपर्यंत आवाज एवढा वाढला होता, की अब्बाही डोळे चोळत उठून बसले. ते रागावले नाहीत. "तुझा अभ्यास झाला पाहिजे," एवढेच म्हणाले. पण त्यांची झोप अडीच तासांचीच झाली होती. मला अभ्यास हवा होता आणि त्यांना झोप हवी होती. खोली मात्र एकच होती.

दादीचे वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. दादीचा आवाज काही मोठा नव्हता. मग तिच्या एका हाकेने मी कशी उठत होते? कारण ती हाक माझ्या नावाची होती. मग मला एक युक्ती सुचली. माझ्याच कामाचा, इतरांना ज्याच्याशी काही देणेघेणे नाही असा आवाज त्या यंत्रात ठेवला तर?

तुमच्यासारखाच मलाही मराठी हा दुसऱ्या भाषेचा विषय होता आणि त्याचीच मला सर्वांत जास्त धास्ती होती. त्या रात्री मी पाठ्यपुस्तकातला एक उतारा हळू आवाजात वाचून आयपॉडमध्ये मुद्रित केला. पुढे आमच्या मराठीच्या मॅडमना विनंती केली. शाळा सुटल्यावर त्यांनीही तोच उतारा वाचून दिला. रात्री मॅडमचा आवाज लावून, थांबवून ठेवला, घड्याळ उशीला टेकवले आणि झोपले.

पहाटे साडेचारला मराठी वाक्ये सुरू झाली. आवाज पुरता वाढण्याआधीच माझे डोळे उघडले. मी घाईने बटण दाबले आणि अब्बांकडे पाहिले. ते शांत झोपले होते.

हे कसे घडले, ते मला बी.एड.ला मानसशास्त्राची पुस्तके चाळताना कळले. झोपेत आपले कान बंद होत नाहीत. मेंदू आवाज ऐकत असतो आणि त्यांची निवडही करत असतो. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इयान ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना निरनिराळी नावे ऐकवली होती. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला झोपलेला माणूस अधिक प्रतिसाद देतो, असे त्यांना दिसले. ढगांच्या गडगडाटात न उठणारी आई बाळाच्या बारीक कुरकुरीने उठते, हे तर आपण घरीच पाहतो. परीक्षेच्या धास्तीमुळे त्या दिवसांत मराठीचे वाक्य माझ्यासाठी जवळजवळ माझ्या नावासारखे झाले होते.

माणसाने माणसाला उठवण्याची पद्धत जुनी आहे. इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावांत पूर्वी पैसे घेऊन कामगारांना उठवणारे लोक असत. ते लांब काठीने नेमक्या त्याच घराच्या खिडकीवर टकटक करत. आपल्याकडे रमजानमध्ये सेहरीसाठी हाका देत फिरणारे लोक तुम्ही पाहिले असतील. गिरणीचे गाव असो की लूमचे, लवकर उठणाऱ्याच्या शेजारी उशिरा झोपलेला कोणीतरी असतोच.

त्या हिवाळ्यात रोज पहाटे मी आधी मॅडमचे वाचन ऐके, मग माझे. आपल्या उर्दूत 'ळ' हा वर्ण नाही. 'फळ', 'काळा', 'सकाळ' हे शब्द मॅडमच्या तोंडून कसे येतात आणि माझ्या तोंडून कसे येतात, हा फरक पहाटेच्या वेळी कानाला स्वच्छ कळे. मार्चपर्यंत मराठीची धास्ती गेली आणि गोडी लागली. त्या गोडीमुळेच आज मी तुमच्यासाठी मराठीत लिहीत आहे.

पुढे काळ बदलला. २०१२ साली आयपॉडची जोडणी बदलली. नवी यंत्रे माझ्या घड्याळाच्या रुंद खाचेत बसणे बंद झाले. २०२२ साली आयपॉड बनवणेच थांबले. माझ्या नॅनोची बॅटरी आता थकली आहे. खाचेतून बाहेर काढला की तो थोड्याच वेळात बंद पडतो. खाचेत असला की मात्र अजून बोलतो. दादी आता या जगात नाही. अब्बांनी रातपाळी सोडली आहे आणि पहाटे तेच सर्वांच्या आधी उठतात.

तुम्हांला असे घड्याळ शोधत फिरायला नको. घरातल्या मोबाइलमध्ये आवाज मुद्रित करता येतो आणि पुष्कळ मोबाइलमध्ये तोच आवाज गजरासाठीही ठेवता येतो. आज रात्री पुस्तकातल्या दहा ओळी हळू आवाजात वाचून ठेवा. जमले तर तुमच्या शिक्षकांकडूनही त्याच ओळी वाचून घ्या. आवाज लहान ठेवा आणि मोबाइल उशीजवळ ठेवा. पण त्याआधी एकदा खोलीत नजर फिरवा. तुमच्या शेजारी कोण झोपले आहे आणि ते किती वाजता कामावरून आले आहेत, हे पाहा आणि मगच गजर लावा.