पाठमोरा माणूस

चित्रात एकच माणूस दिसला की आपण त्याला दुःखी ठरवून मोकळे होतो. त्यातून तो पाठमोरा असला आणि भोवती बर्फ असले, मग तर विचारायलाच नको!

कावासे हासुई या जपानी चित्रकाराचे असे एक चित्र आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. लाकडी ठशांवरून छापलेल्या मूळ चित्राची ही साधी प्रत. मास्तरकीत अस्सल कुठले परवडायला! हिराइझुमी गावचे सुवर्णमंदिर, उंच झाडे, बर्फाळ पायऱ्या, आणि त्या चढणारा, रुंद टोपी घातलेला एक भिक्षू. बस्स.

हासुई १९५७ साली वारला. हे त्याचे शेवटचे चित्र, आणि ते पुरे झाले त्याच्या मागे. एवढे सांगितले की पाहुणे सुस्कारा सोडतात, “म्हणजे हा स्वतःच निघालाय म्हणा की!” पुष्कळ रसिकही तसेच म्हणतात. म्हणोत बापडे. मला मात्र हा अर्थ फार स्वस्तात मिळालेला वाटतो.

या पद्धतीत चित्रकार रेखाटन करतो, दुसरा लाकडाचे ठसे कोरतो, तिसरा एकेक रंग कागदावर उतरवतो. हासुईचा हात थांबल्यावर इतरांच्या हातांनी त्या भिक्षूला पायरीवर आणून सोडले. असल्या माणसाला एकटा कसे म्हणायचे? शिवाय नाव सुवर्णमंदिर, पण सोन्याचा कणही दिसत नाही. ११२४ साली पुरे झालेले ते सोन्याने मढवलेले चिमुकले देऊळ ऊनपावसापासून जपावे म्हणून पुढे त्याच्यावर दुसरी वास्तू उभारली गेली. चित्रात दिसते ते हे वरचे साधे कवच. आत काय आहे ते भिक्षूला ठाऊक असते. पाहुण्यांना मला सांगावे लागते.

आमच्या अप्पांनी या चित्रावर एकच अभिप्राय दिला आहे : “टोपी बरी आहे. कानात बर्फ जायचं नाही.”

गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून अप्पा पहाटे एकटेच फिरायला जातात. शेजारच्या काकू गॅलरीतून त्यांची पाठ पाहून हळहळतात, आणि आमची ही नातवाला झोपेतून उठवून त्यांच्यामागे धाडते. तोही बिचारा डोळे चोळत जातो आणि वाटेत क्रिकेटच्या गप्पा मारतो. असे महिनाभर चालले. परवा अप्पांनी हिला दारातच थांबवले.

“झोपू दे गं त्याला, सूनबाई. तो बरोबर असला म्हणजे मला तिच्याशी बोलता येत नाही.”

ही काही बोलली नाही. तिने मफलर तेवढा आणून दिला.

त्या भिक्षूचे ओठ हलत असतील का? हासुईने त्याला पाठमोरा काढला आहे. कळायला मार्ग नाही.