कांद्याच्या गावातली टांगती कुंडी

कांदा टिकवायचा कसा, हे लोणंदला कुणी शिकवायला नको. हळवा निघाला की थेट बाजारात. गरवा मात्र पात वाळवून, मान बारीक पडू देऊन मगच चाळीत जातो आणि त्या चाळीतही खालून, बाजूंनी वारा खेळता ठेवावा लागतो. चाळीतला कांदा तहानेनं जात नाही, ओलीनं सडतो. हे ज्यांच्या हातांत मुरलेलं आहे, त्यांच्याच घरात खिडकीशी टांगलेली 'मोत्यांची माळ' ही वेल रोज पेलाभर पाणी घालून मारली जावी, हे मोठं नवल. दोघांचा पिंड एकच. कांदा म्हणजे एकात एक बसलेले पानांचे मांसल बुडखे आणि माळेतला प्रत्येक मणी म्हणजे फुगून गोल झालेलं पान. दोघांनीही पाण्याची बेगमी आधीच करून ठेवलेली असते. भरल्या कणगीत पुन्हा धान्य ओतलं तर सांडणारच.

ही बेगमी कशी चालते त्याचा पुरावा आपल्या ओळखीच्या पानफुटीनं दिला. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी तिची पानं चाखून पाहिली. सकाळी आंबट लागणारं पान दुपारी बेचव होतं, हे त्यांचं निरीक्षण 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. कारण पुढे उलगडलं. अशा झाडांची पर्णरंध्रं दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उजेडात खर्च होतो. पाणी उडू नये म्हणून एवढा खटाटोप करणाऱ्या झाडाला आपण रोज पाणी पाजतो!

यावर कुणी म्हणेल, लोणंद पर्जन्यछायेतलं, इथला उन्हाळा कोरडा नि कडक, मग पाणी नको? हवं, पण ऊन अंगणात असतं आणि कुंडी घरात. सावलीत माती सावकाश वाळते. मणी सुरकुतले तर पाणी मिळताच बहुधा पुन्हा भरतात. कुजलेल्या मुळांना मात्र उपाय नाही. म्हणून माती तळापर्यंत सुकल्यावरच पाणी द्यावं आणि माउलींची पालखी गावात मुक्कामाला आली, की हात आणखी आखडावा, कारण तेव्हापासून हवेतच ओल असते. कुंडी भोकाची, मातीची असावी. आत जाड वाळू नि विटांचे बारीक तुकडे. तरीही झाड झुरत असेल, तर दोष बहुतेक उजेडाचा. शोभेसाठी कुंडी छताला भिडवतात. वेल खाली उजेडात लोंबते आणि तिचा माथा, जिथून नवे कोंब फुटायचे, तो अंधारात राहतो. दोरी हातभर लांब करायला खर्च तो काय!

परदेशी झाडांचे हे लाड कशाला, हा आक्षेपही रास्त वाटतो. पण दक्षिण आफ्रिकेतून आलेली, हृदयाच्या आकाराच्या पानांची जी नाजूक वेल टांगतात, तिची प्रजाती सेरोपेजिया, म्हणजे आपलं कंदीलपुष्पच. त्याच प्रजातीतली एक जात कासच्या पठारावर उगवते. पावसात इवले कंदील लावते आणि पाऊस सरला की वरचा सगळा पसारा टाकून देऊन कंदाच्या रूपात जमिनीत गप पडून राहते. तिथं तिला आठ महिने कुणी पाणी घालायला जात नाही.