मुळाची लांबी, पानाचा रंग

मुळांची वाढ आणि पानांतली रंगद्रव्यं मी चित्रांवरून मोजते. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे: चित्रातल्या लांबीवर भरवसा ठेवावा, रंगावर पडताळल्याशिवाय ठेवू नये. ॲराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली इवलीशी वनस्पती. तिची रोपं अगार घातलेल्या चौकोनी प्लेटमध्ये लावून प्लेट उभी ठेवली, की मुळं पृष्ठभागावरूनच खाली उतरतात. मग साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. ६०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये सुमारे २४ पिक्सेल बसतात, आणि इमेजजेसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुळावरून रेघ ओढली की लांबी हाती येते. रोप न उपटता तेच मूळ रोज मोजता येतं, ही यातली खरी कमाई. (मुळं एकमेकांवरून गेली की सॉफ्टवेअर गोंधळतं; तिथे मी रेघ हातानेच ओढते.)

रंगाची गोष्ट वेगळी आहे. लांबीला पिक्सेलचं माप आहे, रंगाला तसं आपोआप मिळत नाही. लाल, हिरवा, निळा हे कॅमेऱ्याचे तीन आकडे पानाकडून परतलेल्या प्रकाशाचे असतात, रंगद्रव्याचे नव्हेत. दिवा बदलला किंवा व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला, तरी ते हलतात. स्फुरद कमी पडलं की ॲराबिडॉप्सिसचं मुख्य मूळ आखूड राहतं आणि पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठून जांभळी झाक येते. त्या झाकेनेच चित्रातला हिरवेपणा उतरतो; तेवढ्यावरून हरितद्रव्य घटलं असं म्हणणं मला मान्य नाही. यावर आक्षेप येतो, की ८० टक्के ॲसिटोनमध्ये अर्क काढून ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरला शोषणावरून हरितद्रव्य मोजण्याची आर्नन यांची १९४९ची पद्धत पानाचा बळी घेते. मग रोजची वाढ कशी पाहणार? आक्षेप रास्त आहे. पण सगळी रोपं कुठे खर्चायची आहेत? प्रत्येक फोटोत राखाडी कार्ड ठेवावं, थोड्या रोपांचा अर्क काढावा आणि चित्रातला आकडा त्याच्याशी जुळवून पाहावा. जुळला, तर उरलेल्या रोपांचे फोटो बोलू शकतात. नाही जुळला, तर तो आकडा सोडून देण्याची तयारी हवी.

लांबीलाही एक अट आहेच. मुळं मातीत अंधारात वाढतात, पारदर्शक प्लेटमध्ये त्यांच्यावर उजेड पडतो आणि त्याने वाढ बदलते. ज्या पारदर्शकपणामुळे मूळ दिसतं, तोच त्याला बदलतो. म्हणून प्लेटचा मुळांकडचा भाग मी काळ्या कागदाने झाकते आणि स्कॅनिंगपुरताच उघडते.